उत्तर आलं नाही, तर?

पुण्यातल्या सर्व्हरवरची विक्रीची सिस्टिम जर्मनीतल्या गोदामाच्या सिस्टिमला निरोप धाडते: या ऑर्डरसाठी ५०० नग राखून ठेव. निरोप जातो, थोडा वेळ काहीच घडत नाही आणि मग पडद्यावर लाल ओळ येते, संपर्क तुटला. आता नग राखले गेले की नाही? निरोप पोचण्याआधीच तुटलं असेल तर नाही. काम उरकून उत्तर परत येताना तुटलं असेल तर हो. पाठवणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा तीच लाल ओळ दिसते. निरोप पुन्हा पाठवावा, तर १००० नग अडकून पडायची भीती. न पाठवावा, तर ग्राहकाचा माल दुसऱ्याच्या नावावर जायची भीती.

हा पेच संगणकांच्या जगात बराच जुना आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातले अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या संगणकावरचं फंक्शन आपल्याच संगणकावर असल्यासारखं बोलावता आलं पाहिजे, ही त्यांची कल्पना आणि ती त्यांनी प्रत्यक्ष चालवूनही दाखवली. त्याचबरोबर त्यांनी हमीची हद्दही आखून दिली. उत्तर परत आलं, तर काम नेमकं एकदा झालं. उत्तराऐवजी चूक कळवली गेली, तर काम एकदा झालं असेल किंवा मुळीच झालं नसेल. यातलं कोणतं, ते सांगता येणार नाही. पुढे दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेत जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी स्पष्ट बजावलं की जवळचा कॉल आणि दूरचा कॉल सारखाच लेखून प्रोग्राम लिहिणं धोक्याचं आहे, कारण दूरच्या कॉलमध्ये अर्धं काम होऊन अर्धं राहू शकतं.

ही सगळी चर्चा रोजच्या कामात नेमकी कुठे भेटते, हे बघायचं तर कंपन्यांच्या कारभाराचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सॅपसारखं उदाहरण नाही. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी जर्मनीत ही कंपनी सुरू केली. १९९२ साली तिचं आर/३ हे सॉफ्टवेअर आलं आणि मेनफ्रेमवरचं काम अनेक सर्व्हरांत विभागलं गेलं. तेव्हापासून आरएफसी, म्हणजे रिमोट फंक्शन कॉल, हा सॅपमधला नित्याचा व्यवहार झाला. त्याचा पाया आयबीएमच्या सीपीआय-सी या जुन्या संवादपद्धतीवर रचलेला आहे. आजही अडकलेल्या रांगेपुढे ‘सीपीआयसीईआरआर’ असा शेरा दिसतो, तो त्याच वारशातला. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत सॅपचं काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातल्या बेसिसवाल्यांना, म्हणजे सिस्टिम सांभाळणाऱ्यांना, एसएम५९ हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. पलीकडच्या सिस्टिमचा पत्ता, रस्ता आणि ओळख जिथे नोंदवायची, तो हा पडदा. अशा प्रत्येक नोंदीला डेस्टिनेशन म्हणतात. नवी नोंद करायला घेतली की नावापाठोपाठ प्रश्न येतो: कनेक्शन टाइप कोणता? समोर ३, टी, जी, एच, एल, आय, डब्ल्यू अशी अक्षरं नि आकडे मांडलेले असतात.

बहुतेक नवशिके इथे शेजारच्या टेबलावर विचारून अक्षर निवडतात, आणि ते बहुधा बरोबरही ठरतं. माझं म्हणणं इतकंच, की हे अक्षर निवडताना पलीकडे कोण आहे एवढाच विचार केला तर निम्मं काम राहून जातं. जोडणी तुटेल तेव्हा काय होईल आणि ते कोणाला कळेल, हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे.

सगळ्यांत जास्त वापरात असलेला टाइप ३. पलीकडेही सॅपची अबॅप सिस्टिम, म्हणजे सॅपच्या अबॅप या भाषेवर चालणारी सिस्टिम, असेल आणि तिथलं फंक्शन मोड्यूल थेट बोलवायचं असेल, तर हाच. यात पत्ता दोन तऱ्हांनी देता येतो. एक, अमुक सर्व्हरचं नाव आणि त्याचा इन्स्टन्स क्रमांक. दुसरी तऱ्हा म्हणजे मेसेज सर्व्हर आणि लॉगऑन ग्रुप सांगायचा आणि कुठल्या सर्व्हरवर जायचं ते सिस्टिमलाच ठरवू द्यायचं. पहिली तऱ्हा चटकन होते, म्हणून घाईत तीच भरली जाते. पुढे त्या एका सर्व्हरला दुरुस्तीसाठी बंद केलं की बाकीचे चार सर्व्हर धडधाकट असूनही जोडणी मरते, आणि रात्री फोन वाजतो तो ‘सिस्टिम डाउन आहे’ म्हणून. उत्पादन सिस्टिमसाठी, म्हणजे जिथे खरे व्यवहार चालतात तिथे, ही दुसरी तऱ्हा, लोड बॅलन्सिंग, न निवडण्याचं सबळ कारण फार क्वचित असतं.

टाइप ३ मधली खरी जोखीम लॉगऑनच्या टॅबवर असते. तिथे एक युजर आणि पासवर्ड कायमचा साठवता येतो. ज्याला ते डेस्टिनेशन वापरायची मुभा आहे, तो प्रत्येक प्रोग्राम मग पलीकडे त्या युजरच्या अधिकारानं वावरतो. सुरुवातीला अडचणी येऊ नयेत म्हणून त्या युजरला सॅप_ऑल, म्हणजे सगळे अधिकार, देऊन ठेवले आणि नंतर ते काढायचं राहून गेलं, असं कितीतरी ठिकाणी सापडतं. त्यातून ते डेस्टिनेशन डेव्हलपमेंट सिस्टिममधून थेट उत्पादनाकडे जाणारं असेल, तर सर्वांत सैल दार आणि सर्वांत मौल्यवान खोली एकमेकींना जोडल्या गेल्या असं समजा. असा युजर ‘सिस्टिम’ प्रकारचा असावा, म्हणजे त्याच्या नावानं कोणी पडद्यावर लॉगऑन करू शकत नाही. त्याला एस_आरएफसी हा अधिकारही लागणाऱ्या फंक्शनांपुरताच द्यावा. पलीकडे कुणी काय केलं याची माणसागणिक नोंद हवी असेल, तर दोन्ही सिस्टिमांमध्ये विश्वासाचं नातं जोडून चालू युजरच्याच नावानं कॉल पाठवता येतो. मात्र हे नातं जोडताना कोण कोणावर विश्वास ठेवतंय, त्याची दिशा दोनदा तपासावी. कमी महत्त्वाच्या सिस्टिमवर जास्त महत्त्वाच्या सिस्टिमनं विश्वास ठेवणं सहसा चूक.

टाइप टी हा बाहेरच्या प्रोग्रामसाठी. चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावरचा वजनकाटा डोळ्यांपुढे आणा. ट्रक काट्यावर चढतो, काट्याशेजारच्या संगणकावर वजन उमटतं, आणि ते सॅपमधल्या पावतीवर यायला हवं. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. काट्याचा प्रोग्राम स्वतःहून सॅपला वजन कळवणार असेल, तर सॅपमध्ये एसएम५९ ची नोंद लागतच नाही. त्या प्रोग्रामला सॅपचा पत्ता आणि एक युजर पुरतो. उलट फाटकावरच्या कारकुनानं सॅपच्या पडद्यावर ‘वजन घ्या’ बटण दाबायचं आणि सॅपनं काट्याला विचारायचं, असं ठरलं असेल, तर टाइप टी लागतो. त्यातली नेहमीची पद्धत म्हणजे रजिस्टर्ड सर्व्हर प्रोग्राम. काट्याचा प्रोग्राम सॅपच्या गेटवेकडे जाऊन ‘मी अमुक नावाचा प्रोग्राम, मला कॉल द्या’ अशी नोंद करून ठेवतो आणि वाट बघत बसतो. एसएम५९ मध्ये तेच नाव, अक्षर न अक्षर, प्रोग्राम आयडी म्हणून भरायचं. हे नाव कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांसकट जुळलं पाहिजे, आणि प्रोग्रामनं ज्या गेटवेवर नोंद केली तोच गेटवे डेस्टिनेशनमध्येही हवा. अनेक सर्व्हर असलेल्या सिस्टिममध्ये हे दुसरं हमखास निसटतं: सकाळी चालणारी जोडणी दुपारी चालत नाही, कारण दुपारी कारकून ज्या सर्व्हरवर लॉगऑन झाला त्याच्या गेटवेला काटा ठाऊकच नसतो.

या नोंदणीला पहारा लागतो. कोणत्या संगणकावरून कोणत्या नावानं नोंदणी करता येईल, ते रेजइन्फो नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. कोणता बाहेरचा प्रोग्राम सुरू करायची मुभा आहे, ते सेकइन्फोमध्ये. ती रेजइन्फो सैल ठेवली, तर नेटवर्कमधला कोणीही त्याच प्रोग्राम आयडीनं स्वतःचा प्रोग्राम नोंदवून काट्याकडे जाणारे कॉल स्वतःकडे वळवू शकतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये दुबईतल्या एका सुरक्षा परिषदेत गेटवे आणि मेसेज सर्व्हरच्या अशाच सैल मांडणीचा फायदा घेणारी तयार साधनं मांडली गेली. त्यांना पुढे ‘टेनकेब्लेझ’ असं नाव पडलं, आणि मे महिन्यात अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं त्याबद्दल जाहीर इशारा दिला. सॅपनं या फाइली नीट लिहा, असं त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून सांगून ठेवलं होतं. तरीही आज ‘जोडणी चालत नाही’ म्हटल्यावर रेजइन्फोमध्ये तारांकन टाकून सगळ्यांना मोकळीक देणं हा पहिला उपाय म्हणून सुचवला जातो, तेव्हा मनाला लागतं.

मग एचटीटीपीच्या जोडण्या. पलीकडे अबॅप सिस्टिमच आहे पण वेब सर्व्हिस बोलवायची आहे, तर टाइप एच. पलीकडे जगातला कुठलाही दुसरा वेब सर्व्हर असेल, तर टाइप जी. भारतात टाइप जी घराघरांत नसला तरी कंपनीकंपनीत पोचला तो जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसमुळे. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तो बंधनकारक झाला, आणि टप्प्याटप्प्यानं खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. सॅपमध्ये बिल तयार झालं की त्याची माहिती जेसन स्वरूपात सरकारमान्य पोर्टलकडे जाते, थेट किंवा मधल्या सेवादात्यामार्फत, आणि ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, नि क्यूआर कोडची माहिती परत येते. त्याशिवाय माल फाटकाबाहेर काढता येत नाही, म्हणून ही जोडणी तुटली की ट्रकांची रांग लागते.

टाइप जी मध्ये आरएफसीच्या जगातल्या हम्या नसतात. एचटीटीपीच्या पातळीवर २०० हा आकडा आला, म्हणजे निरोप पोचून उत्तर आलं एवढंच. बिल स्वीकारलं की नाकारलं ते आतलं जेसन वाचल्याशिवाय कळत नाही. पलीकडच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट बदललं आणि आपल्याकडे एसट्रस्ट या सर्टिफिकेटांच्या पडद्यावर नवी साखळी चढवली नसेल, तर काल रात्रीपर्यंत चालणारी जोडणी आज पहाटे बंद. आणि तोच मूळ पेच: उत्तर आलं नाही, तर बिल पुन्हा पाठवायचं का? ई-इन्व्हॉइसच्या रचनेत याचं उत्तर फार विचारानं दिलेलं आहे. आयआरएन तयार होतो तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा क्रमांक यांच्यापासून. तेच बिल दहा वेळा पाठवलं तरी आयआरएन तोच निघणार. पोर्टल दुसऱ्या खेपेला ‘हा आयआरएन आधीच आहे’ म्हणून नकार देतं, आणि बिलाच्या तपशिलावरून आधीचा आयआरएन मागवूनही घेता येतो. त्यामुळे इथे निर्धास्तपणे पुन्हा पाठवता येतं. टाइप जी ची कुठलीही जोडणी करताना पलीकडच्या मंडळींना पहिला प्रश्न हाच विचारावा: तोच निरोप दोनदा आला तर तुम्ही काय करता? उत्तर गुळमुळीत आलं, तर तो दुबार निरोप ओळखायची सोय आपल्याकडे करावी लागेल.

बाकीचे प्रकार लवकर सांगून होतात. टाइप आय च्या नोंदी सिस्टिम स्वतःच करते, आपल्याच सर्व्हरांमधल्या संवादासाठी. त्यांना हात लावायचं कारण नाही. टाइप एल ही तार्किक नोंद असते, ती दुसऱ्या खऱ्या डेस्टिनेशनकडे बोट दाखवते आणि फक्त युजर वगैरे वेगळा ठेवते. एकाच पत्त्यावर तीन वेगवेगळ्या अधिकारांनी जायचं असेल तर उपयोगी. मेनफ्रेमवरच्या आर/२ साठीचा टाइप २ आता इतिहासजमा.

अक्षर निवडलं, पत्ता भरला, की सगळे जण ‘कनेक्शन टेस्ट’ दाबतात. मिलिसेकंदांचे आकडे झळकतात आणि जोडणी झाली असं जाहीर होतं. टाइप ३ मध्ये ही चाचणी रस्ता मोकळा आहे एवढंच सांगते. पासवर्ड चुकीचा असला, युजर कुलूपबंद असला, तरी ती पार पडते. लॉगऑन होतं का, हे बघायला ‘ऑथरायझेशन टेस्ट’ वेगळी आहे. तीही लॉगऑनपुरतीच, नेमकं फंक्शन चालवायचा अधिकार आहे का, ते खरा कॉल केल्यावरच समजतं. आणखी एक चाचणी दुर्लक्षित राहते ती युनिकोडची. एक बाजू जुनी, युनिकोड नसलेली असेल आणि डेस्टिनेशनमध्ये तसं सांगितलेलं नसेल, तर कॉल यशस्वी होतो पण अक्षरं बिघडतात. ग्राहकाच्या नावातली अक्षरं जाऊन तिथे भलतीच चिन्हं बसतात, आणि ती तशीच डेटाबेसात साठतात. अशी चूक आठवडाभरानं उघडकीला येते, तोवर हजारो नोंदी बिघडलेल्या असतात. जुन्या सिस्टिमांशी संबंध येतो तिथे ही चाचणी सोडू नये.

इथवर रस्ता आणि ओळख झाली. कॉल करायचा कसा, हे एसएम५९ मध्ये ठरत नाही, ते प्रोग्राम लिहिणारा ठरवतो, आणि नोंद करणारा नि तो, या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं ते नेमकं इथे. साधा, म्हणजे सिंक्रोनस कॉल केला, तर आपला प्रोग्राम उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. शिल्लक किती, उधारीची मर्यादा किती, अशा चौकशीला तो उत्तम. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं. विचारण्यानं काही बदलत नाही. पण तोही जपून. एका फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील आणि २००० ओळींच्या ऑर्डरमध्ये दर ओळीसाठी एक कॉल लिहिला असेल, तर नुसत्या जाण्यायेण्यात २०० सेकंद गेले. सगळ्या ओळी एका तक्त्यात घालून एकच कॉल केला, तर एका फेरीत काम होतं. आणखी एक गोष्ट अनुभवी माणसांच्याही ध्यानात राहत नाही: सिंक्रोनस आरएफसीच्या वेळी आपल्या बाजूला डेटाबेस कमिट होऊन जातो. म्हणजे प्रोग्राम अर्धवट बदल करून मध्येच दूरचा कॉल करत असेल, तर तो अर्धा बदल पक्का झाला. पुढे चूक आली आणि सगळं मागे घ्यावं म्हटलं, तर तेवढं मागे येत नाही.

नग राखून ठेवण्यासारखी कामं पलीकडे काहीतरी बदलतात. तिथे ट्रान्झॅक्शनल आरएफसी, किंवा नव्या सिस्टिमांत तिची जागा घेणारी बीजीआरएफसी, वापरावी. प्रोग्राम कॉल लिहितो तेव्हा तो लगेच निघत नाही. आपल्याच डेटाबेसात नोंदवला जातो आणि कमिट झाल्यावर पाठवला जातो. प्रत्येक कामाला एक ओळखक्रमांक मिळतो. पलीकडची सिस्टिम तो क्रमांक लिहून ठेवते, त्यामुळे तोच निरोप दुसऱ्यांदा आला तर ‘हे झालेलं आहे’ एवढंच सांगते. संपर्क कधीही तुटो, ५०० नगांचे १००० होत नाहीत. १९८४ च्या त्या निबंधात जे सांगता येत नव्हतं, ते इथे दोन्ही बाजूंच्या डेटाबेसांत लिहून ठेवून सांगता येतं. याची किंमत अशी, की उत्तराची वाट पाहता येत नाही. राखले की नाही ते दुसऱ्या निरोपानं कळवावं लागतं.

आणि हे पुन्हा पाठवणंही अनंत काळ चालत नाही. एसएम५९ मध्ये प्रत्येक डेस्टिनेशनसाठी किती वेळा आणि किती मिनिटांनी प्रयत्न करायचा, ते ठरवता येतं. कोणी हात लावला नाही तर ३० प्रयत्न, दर १५ मिनिटांनी, म्हणजे साडेसात तास. शनिवारी संध्याकाळी पलीकडची सिस्टिम देखभालीसाठी बंद केली आणि रविवारी दुपारी उघडली, तर तोवर प्रयत्न संपलेले असतात. ते निरोप एसएम५८ या अडकलेल्या निरोपांच्या पडद्यावर पडून राहतात. ज्या कंपनीत रोज सकाळी एसएम५८ उघडणं हे एका माणसाच्या नावावर लिहिलेलं काम आहे, तिथे ट्रान्झॅक्शनल आरएफसीची हमी खरी ठरते.

निरोपांचा क्रमही राखायचा असेल, म्हणजे आधी ऑर्डर, मग तिच्यातली दुरुस्ती, मग रद्द, तर रांगेची क्यूआरएफसी आहे. रांगेतलं एक काम अडलं की मागचं सगळं थांबतं. हे योग्यच आहे, कारण रद्द आधी पोचलं आणि दुरुस्ती त्यानंतर चढली तर हिशेब बिघडतो. म्हणून रांगा बारीक ठेवाव्यात, शक्यतो ऑर्डरगणिक वेगळी. सगळ्या कारखान्याची एकच रांग केली, तर एका चुकलेल्या मटेरियल क्रमांकासाठी अख्खा कारखाना थांबतो.

जोडण्यांचा एक धोका निवडीच्या दिवशी दिसतच नाही. उत्पादन सिस्टिमची प्रत काढून चाचणी सिस्टिम उभी केली जाते, तेव्हा एसएम५९ मधल्या नोंदीही साठवलेल्या युजरांसकट तिच्याबरोबर येतात. चाचणीसाठी केलेली बनावट ऑर्डर मग खऱ्या गोदामाकडे किंवा खऱ्या बँकेकडे जाऊ शकते. रांगांमध्ये अडकलेले निरोपही प्रतीत आलेले असतात आणि पार्श्वभूमीची कामं सुरू होताच ते निघू पाहतात. म्हणून प्रत काढल्यावर पार्श्वभूमीची कामं चालू करण्याआधी डेस्टिनेशनं वळवणं नि रांगा रिकाम्या करणं हे पहिलं काम. नोंदींच्या नावातच पलीकडच्या सिस्टिमची खूण असेल, तर हे सोपं जातं.

आता क्लाउडमुळे टाइप ३ ची एक अडचण पुढे आली आहे. तो गेटवेच्या ३३नी सुरू होणाऱ्या पोर्टावरून बोलतो आणि एसएनसी हा सुरक्षेचा थर जोडल्याशिवाय मजकूर सुरक्षित सांकेतिक रूपात जात नाही. कंपनीबाहेरच्या जाळ्यात असे पोर्ट उघडायला नेटवर्कवाले राजी नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. २०१९ च्या अबॅप प्लॅटफॉर्म १९०९ पासून यासाठी टाइप डब्ल्यू, म्हणजे वेबसॉकेट आरएफसी, आला. फंक्शन मोड्यूल तेच, बोलावण्याची रीत तीच, पण रस्ता एचटीटीपीएसचा. त्यामुळे प्रॉक्सी नि फायरवॉल ओळखीचे राहतात आणि सांकेतिक रूप मुळातच आलं. दोन्ही बाजू १९०९ किंवा पुढच्या असतील, तर नव्या जोडणीसाठी मी आधी डब्ल्यूचा विचार करेन. एक जरी बाजू जुनी असेल, तर टाइप ३ ला एसएनसीची जोड द्यावी लागते. त्याची सर्टिफिकेटं आणि मुदतींची वही सांभाळायचं काम वाढतं, ते कोणाकडे जाणार हे जोडणी सुरू करण्याआधी ठरवून घ्यावं.